खुराक, खर्च आणि शिल्लक

1984 सालच्या जुलैत फ्रान्सच्या रस्त्यांवर सायकलींच्या दोन शर्यती चालल्या होत्या. एक जगाला ठाऊक असलेली, टूर दे फ्रान्स. दुसरी तिच्याच वाटेवर, रोज काही तास आधी मुक्कामाला पोचणारी बायकांची टूर. ती त्या वर्षी पहिल्यांदाच भरली होती. अठरा टप्प्यांची ती शर्यत अमेरिकेच्या मरियन मार्टिननं जिंकली. पुरुषांच्या शर्यतीतल्या चौघा सायकलपटूंना डच संशोधकांनी एक वेगळंच पाणी पाजलं होतं. चवीला, रंगाला साधं पाणीच. पण त्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा किंचित जड. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या वाटेनं बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्याबरोबर जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडबरोबरही जातो. दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातला फरक लघवीच्या नमुन्यांवरून काढला की माणसानं किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं, आणि त्यावरून किती ऊर्जा जाळली तेही. तोंडाला मुखवटा लावायला नको की प्रयोगशाळेत कोंडून घ्यायला नको. माणूस घाट चढत राहतो आणि खर्च लिहिला जातो. ही युक्ती मिनेसोटाच्या नेथन लिफ्सन यांनी 1950 च्या दशकात उंदरांवर सिद्ध केली होती. जड ऑक्सिजन इतका महाग की तिला माणसांपर्यंत यायला 1982 साल उजाडलं.

त्या चौघांचा हिशेब निघाला तो असा: नुसतं पडून राहायला जितकी ऊर्जा लागते तिच्या चौपट ते पाचपट, रोज, तीन आठवडे. आणि त्यांनी वहीत लिहून दिलेलं खाणं या खर्चाहून कमी भरलं. वजन मात्र जवळपास तसंच राहिलं होतं. म्हणजे वही चुकत होती. स्वतःचं खाणं लिहिताना माणूस कमी लिहितो, जाणूनबुजून नव्हे, पण लिहितो. ही गोष्ट या पुस्तकात पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

त्याच रस्त्यांवर सायकल मारणाऱ्या बायकांना कोणी ते पाणी पाजलं नाही.

आता ऑगस्ट. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये 5 तारखेला बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन झाली आणि जोन बेनॉइटनं ती 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत जिंकली. चारच वर्षांपूर्वीच्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांना मैदानावर जास्तीत जास्त 1500 मीटर पळू देत होते. 1500 वरून एकदम 42 किलोमीटर. आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बार्बरा ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. चौदा खेळाडू, ज्यांची पाळी थांबली होती. आणि चौदा, ज्यांची नियमित होती. पाळी थांबलेल्यांचं सरासरी वय पंचविशीचं. त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता भरली 51 वर्षांच्या बाईइतकी.

आपल्याकडे तो ऑगस्ट लोकांच्या लक्षात आहे तो पी. टी. उषासाठी. 400 मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागानं तिचं पदक गेलं. ती शर्यत काही दमछाकीच्या लांब पल्ल्याची नव्हे, त्यामुळे काटेकोरपणे पाहिलं तर ती या पुस्तकाच्या कक्षेत बसत नाही. पण पुढे कितीतरी वर्षांनी उषानं सांगितलं की ऑलिंपिक ग्राममध्ये तिला खाता येईल असं काही मिळत नव्हतं, म्हणून भाताची पेज आणि लोणचं एवढ्यावर दिवस काढले आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये ताकद उरली नाही. पेजेनं पदक घालवलं असं सिद्ध करता येणार नाही. मात्र असं वाटण्याजोगी परिस्थिती होती, एवढं पुरे आहे.

एका वर्षातल्या या तीनचार गोष्टी मी शेजारी मांडल्या, कारण या विषयाचं पुढच्या चाळीस वर्षांचं रूप त्यांत दिसतं. खर्च मोजला तो पुरुषांचा. तूट मोजली ती बायकांची. पुरुष म्हणजे यंत्र, त्याची ताकद किती ते पाहू. बाई म्हणजे नाजूक प्रकृती, तिचं काय बिघडलं ते पाहू. या वाटणीनं दोघांचंही नुकसान केलं. बायकांच्या खर्चाबद्दल आकडे उशिरा आणि थोडे आले. 2014 ते 2020 या काळातल्या पाच हजारांहून अधिक क्रीडाविज्ञान-अभ्यासांची मोजदाद झाली तेव्हा त्यांत भाग घेणाऱ्यांपैकी बायका होत्या 34 टक्के. आणि पुरुषांची तूट 2014 पर्यंत जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

मराठीतही ही वाटणी आहे, आणि ती भाषेतच आहे. आपल्याकडे ‘खुराक’ हा मोठ्या मानाचा शब्द. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाचा खुराक लोक कौतुकानं विचारतात: दूध किती, तूप किती, थंडाईत बदाम किती. गाव वर्गणी काढून पैलवानाचा खुराक चालवतं. पण खुराक हा पुरुषाचाच, आणि त्यातही मांसल पुरुषाचा. लांब पळणाऱ्याला तो शब्द चिकटलाच नाही. त्याचं कौतुक होतं ते ‘हलकं अंग’ म्हणून. आणि बाईनं पैलवानाइतकं खाल्लं तर तिच्यासाठी वेगळे शब्द आहेत, ते मला इथे लिहायचे नाहीत. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक घेऊन आली, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं आशियाई सुवर्ण जिंकलं. लांब पल्ल्याचं पळणं हा आता दुष्काळी आणि डोंगरी महाराष्ट्राचाही खेळ आहे. त्या खेळाला स्वतःच्या खुराकाची कल्पना मात्र अजून यायची आहे.

या पुस्तकाचा मुख्य शब्द खर्चही नाही आणि खुराकही नाही. तो आहे शिल्लक. शास्त्रीय लिखाणात त्याला ऊर्जा-उपलब्धता म्हणतात. मला तो शब्द सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, म्हणून मी शिल्लकच म्हणेन. दिवसभरात खाल्लं त्यातून व्यायामानं नेलं ते वजा करा. जे उरलं त्यावर बाकीच्या शरीरानं संसार चालवायचा: हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, रक्त, अंगातली ऊब, पाळी, वीर्य, जखमा भरणं, सर्दी हटवणं. पळण्याचा वाटा आधी जातो. स्नायू पळताना जे लागेल ते ओढून घेतात. घरच्यांनी उरलेल्यात भागवायचं.

उदाहरण घेऊ. 52 किलोची एक धावपटू. वजनातून चरबी वजा केली की उरतात सुमारे 42 किलो. शिल्लक मोजायची ती या 42 किलोंवर, कारण खाणारं घर ते. पळण्याच्या खर्चाचा एक जुना ठोकताळा आहे, ढोबळ पण बऱ्यापैकी खरा: दर किलो वजनाला, दर किलोमीटरला एक कॅलरी. (कॅलरी म्हणजे इथे आणि सगळ्या पुस्तकात किलोकॅलरी.) हळू पळा की वेगात, फार फरक पडत नाही, बाई असा की पुरुष, त्यानंही नाही. ती सकाळी 15 किलोमीटर पळाली. 780 गेल्या. दिवसभरात तिनं 2000 खाल्ल्या. उरल्या 1220, भागिले 42, म्हणजे किलोमागे 29.

ही 29 संख्या साधी नाही. ओहायो विद्यापीठात ॲन लाउक्स यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी, नियमित पाळी असलेल्या, खेळाडू नसलेल्या 29 तरुणींना त्यांनी पाच पाच दिवस वेगवेगळ्या शिलकेवर ठेवलं: किलोमागे 45, 30, 20, 10. 45 वर सगळं ठीक. 30 च्या खाली जाताच मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाचे ठोके विस्कळीत झाले. पाच दिवसांत. लाउक्स यांच्या आधीच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती, ती मला अधिक महत्त्वाची वाटते: व्यायामानं नेलेली ऊर्जा जेवणातून भरून दिली तर तोच व्यायाम पाळीच्या या यंत्रणेला धक्का लावत नाही. ‘फार पळलं की बायकांचं असं होतं’ हे वाक्य आपण आजीपासून प्रशिक्षकापर्यंत सगळ्यांकडून ऐकतो. दोष पळण्याचा नव्हता, ताटाचा होता. (प्रत्येक बाईचा उंबरठा नेमका 30 वरच असतो असं मात्र नाही. पुढच्या अभ्यासांनी ती रेघ पुसट केली आहे. तिला रेघेपेक्षा उतार समजावं.)

आपल्या धावपटूला 45 वर यायचं असेल तर दिवसाला 2670 कॅलरी हव्यात. 670 कमी पडतात. 50 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण 170 कॅलरींची. म्हणजे रोज चार भाकऱ्यांची तूट. आणि तिला याचा पत्ताही नाही, कारण तिच्या हातात जो तक्ता आहे तो सांगतो की सगळं ठीक चाललंय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत 55 किलोच्या, मध्यम श्रम करणाऱ्या बाईला 2130 कॅलरी आहेत. ही 2000 खाते, वजन तीन किलो कमी, मग चुकलं कुठे? त्याच तक्त्यात अतिश्रमाच्या ओळीत 2720 लिहिलंय. पण सकाळी 15 किलोमीटर पळून मग डबे करून ऑफिसला जाणारी बाई स्वतःला अतिश्रम करणाऱ्यांत धरत नाही. ती ओळ डोक्यावर विटा वाहणाऱ्यांची, असं तिला वाटतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. पहिल्या पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीत माझं वजन 56 वरून 51 वर आलं. मैत्रिणी कौतुक करायच्या, प्रशिक्षक म्हणायचे आता वेग बघ कसा येतो, आणि वेग आलाही. पाच महिने पाळी आली नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पहाटे साडेचारला उठणाऱ्या बाईला महिन्यातले पाच दिवस सुटले म्हणजे चैनच. मग नडगी दुखायला लागली. दोन ठिकाणी दाखवलं. विश्रांती, कॅल्शियम, बुटं बदला. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी पायाला हात लावण्याआधी विचारलं, ‘पाळी शेवटची कधी आली?’ पुण्यात हा प्रश्न मिळायला मला तीन दवाखाने लागले.

त्या पाच महिन्यांतले शेवटचे तीन महिने माझं वजन स्थिर होतं. यातच सगळी गोम आहे. आवक कमी झाली की शरीर दिवाळं काढत नाही, काटकसर करतं. विसाव्याचा खर्च उतरतो, नाडी मंदावते, हातपाय गार पडतात, हाडांची दुरुस्ती पुढे ढकलली जाते, पाळीचं खातं बंद होतं. खर्च आवकेइतका खाली आला की काटा हलत नाही, आणि माणूस म्हणतो, वजन स्थिर आहे म्हणजे मी पुरेसं खातोय. तोल साधलेला असतो हे खरंच. पण काय काय विकून साधलाय ते काटा सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांची पंचाईत याहून मोठी, कारण गोळ्यांनी येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे. खातं बंद पडलं तरी पाटी लटकत राहते.

पुरुषांकडे ती पाटीसुद्धा नाही. बाईच्या शरीरात महिन्याला वाजणारी एक घंटा आहे; ती थांबली की निदान विचारता तरी येतं. पुरुषाची तूट मुकी असते. इच्छा मंदावते, पहाटेची ताठरता जाते, चिडचिड वाढते, झोप तुटते, बरगडीला किंवा खुब्याला बारीक चीर जाते. यातलं पहिलं तो कोणाला सांगत नाही आणि उरलेलं वयावर किंवा कामाच्या ताणावर टाकतो. खरं तर याची कल्पना शास्त्राला 1945 मध्येच यायला हवी होती. मिनेसोटात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून चालवलं होतं. त्यांची नाडी मंदावली, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली, बायकांतला रस उडाला, रात्रंदिवस स्वयंपाकाची पुस्तकं वाचत बसू लागले. तो अभ्यास दुष्काळाचा म्हणून ग्रंथालयात गेला. रोज 20 किलोमीटर पळून कमी खाणारा माणूसही स्वतःपुरता दुष्काळच आणतो, हे कोणी जोडून पाहिलं नाही.

नावांचा इतिहासही हेच सांगतो. 1992 मध्ये अमेरिकेत तज्ज्ञ जमले आणि त्यांनी ‘महिला खेळाडूंचं त्रिकूट’ मांडलं: बिघडलेलं खाणं, थांबलेली पाळी, विरळ झालेली हाडं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या गटानं नाव बदलून खेळातली सापेक्ष ऊर्जातूट असं केलं, इंग्रजी आद्याक्षरांनी रेड-एस, आणि त्यात पुरुष आले. जुन्या नावाच्या बाजूचे लोक रागावले. त्यांचं म्हणणं, बायकांवर इतक्या वर्षांचा भक्कम पुरावा आहे, पुरुषांवर तुटपुंजा, मग दोघं एका छत्रीखाली कशाला? वाद अजून मिटलेला नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. प्रयोगात पुरुषांना किलोमागे 15 इतक्या कमी शिलकेवर चार दिवस ठेवलं तरी त्यांचं टेस्टोस्टेरॉन हललं नाही, जरी भुकेशी निगडित संप्रेरकं खाली आली. पुरुषाचं शरीर बहुधा जास्त ताण सोसतं. पण सोसतं याचा अर्थ फुकट सोसतं असा नव्हे, आणि नव्या नावामुळे निदान पुरुषाला डॉक्टर प्रश्न विचारू लागले.

बाकी फरक लोक समजतात तितके मोठे नाहीत. पुरुषाचा खर्च जास्त दिसतो तो मुख्यतः देह मोठा म्हणून. सारख्याच ताणाच्या मेहनतीत बायका चरबी थोडी अधिक जाळतात, साखर थोडी वाचवतात. यावरून बायकांनी भात-भाकरी कमी खावी असा निष्कर्ष काढणारे व्हिडिओ फिरत असतात, तो चुकीचा आहे. केनियाच्या धावपटूंचं खाणं मोजलं गेलंय: त्यांच्या ऊर्जेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कर्बोदकांतून येतो, आणि त्यांचं मुख्य अन्न मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली. आपल्या उकडीचा चुलतभाऊच. ज्वारी खाणाऱ्यांनी न्यूनगंड बाळगायचं काही कारण नाही.

दिवसाच्या घड्याळाबद्दल मात्र मी पुस्तकात जरा लांबण लावली आहे, आणि ती मुद्दाम. एकूण खाणं तेवढंच असलं तरी ते कधी पोटात जातं याला अर्थ आहे. स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासांत, स्त्रियांत आणि पुरुषांतही, दिवसात जास्त तास किंवा जास्त खोल तुटीत जाणाऱ्या खेळाडूंत ताणाचं संप्रेरक जास्त आढळलं. आता आपला दिनक्रम बघा. पहाटे चहावर पळायला जायचं, आल्यावर पुरुषाला पोहे तयार. बाईनं आधी डबे भरायचे, मुलांना सोडायचं, मग दहाला उरलेले पोहे, गार. गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपासाला माझा विरोध नाही. साबुदाण्याची खिचडी लांब पळणाऱ्याला उत्तम अन्न आहे. पण रविवारच्या 30 किलोमीटरच्या आदल्या दिवशी निरंकार करणारी माणसं मला ठाऊक आहेत, आणि त्यात आता सोळा तास उपाशी राहण्याची शहरी टूम मिसळली आहे. पहिल्या उपासामागे निदान देव तरी होता.

आणखी एक इशारा मनगटावरच्या घड्याळांबद्दल. 2017 मध्ये स्टॅनफर्डला अशी सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांनी ठीक मोजली, पण खर्च झालेल्या कॅलरींमध्ये सर्वांत बऱ्या उपकरणाची चूकही सरासरी 27 टक्के निघाली. खाण्याची वही कमी लिहिते, घड्याळ मन मानेल तसं लिहितं. त्या दोघांची वजाबाकी दशांशापर्यंत करण्यात काही अर्थ नाही. म्हणून या पुस्तकात मी आकडे गोल केले आहेत आणि शरीराच्या खुणांना आकड्यांच्या वर बसवलं आहे: पाळी, पहाटेची अवस्था, झोप, गार हात, वारंवारच्या सर्दी, न भरणारी जखम.

प्रकरणांचा क्रम वाचकानं पाळायलाच हवा असं नाही. प्रशिक्षकांनी हाडांचं प्रकरण आधी वाचलं तर बरं. पुरुष वाचकांनी पाळीचं प्रकरण वगळू नये, आणि आयांनी मुलांचं. ज्यांची पाळी तीन महिने आलेली नाही किंवा ज्यांचं हाड दुसऱ्यांदा चिरलं आहे त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. पुस्तक कुठे जात नाही.

पान उलटण्याआधी एक कागद घ्या. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लंत, किती वाजता, आणि किती पळालात ते लिहून ठेवा. चहातली साखर, भाकरीवरचं तूप, मुलाच्या ताटातलं उरलेलं, सगळं. आकडे घालू नका, नुसती नावं आणि वेळा. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी तो कागद लागेल.